पासिंग अठ्ठावीसलाच का?

मागे आवाज येतोय ना? ठीक. तर मला सांगितलं होतं की हायपोथेसिस टेस्टिंगवर, म्हणजे समोर आलेला निकाल नुसता योगायोग आहे का हे कसं तपासायचं यावर बोला, पण फॉर्म्युले नकोत, लोक उठून जातात. म्हटलं बरं, म्हणून मी आज फक्त एक रुपया घेऊन आलेय.

काल रात्री जेवणं झाल्यावर हेच नाणं मी ४० वेळा उडवलं. मुलगी वहीत छापा-काटा लिहीत होती. मध्ये एकदा ते सोफ्याखाली गेलं, वाकून बघितलं तर काटा, मी म्हटलं हा धरायचा नाही, खाली पडलाय, तर ती म्हणाली, "आई, छापा असता तर धरला असतास." खरं होतं, काय करणार, धरला. शेवटी २३ छापे झाले. आता मला छापा पाडायची सिद्धी आहे का? हसताय तुम्ही. पण २८ आले असते तर? ३५ आले असते तर? कुठेतरी हसू थांबतं आणि माणूस म्हणतो, इकडे द्या बघू ते नाणं. ते कुठे थांबवायचं हे आधी ठरवायचं, एवढाच खरं तर आजचा विषय आहे.

आपल्या पुण्यातच २००८ साली याचा एक मस्त प्रयोग झालाय. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स शिकवणारे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडे, अशा चौघांचा. २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद (तेव्हा हाच शब्द वापरायचे), आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं की प्रत्येकाला ४० पत्रिका देतो, कुठली हुशार मुलाची आणि कुठली नाही एवढंच सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. आणि पासिंग ठेवलं होतं ४० पैकी २८.

आता २८च का? २१ का नाही, निम्म्याच्या वर गेला की झालं की!

इथे आपली ती नल हायपोथेसिस येते, मराठी पुस्तकात शून्य परिकल्पना म्हणतात, मला तो शब्द ऐकला की झोप येते. साध्या भाषेत, "काही नाहीये हो, नुसता योगायोग आहे" असं म्हणणारा घरातला तो एक काका. आपण वादापुरतं काकाचं मान्य करायचं. चला, ज्योतिषी मनातल्या मनात नाणंच उडवतोय. मग नाणं उडवून ४० पैकी २१ किंवा जास्त किती वेळा बरोबर येतील? जवळजवळ निम्म्या वेळा. २६ किंवा जास्त? शंभरात चारदा. २८ किंवा जास्त? साधारण १२० वेळा करा तेव्हा एकदा. हा जो आकडा आहे ना, काकाचं खरं मानलं तर इतकं किंवा याहून भारी किती वेळा घडेल, तीच पी-व्हॅल्यू. बास. ती फारच लहान आली तर आपण म्हणतो काका, आता तुमचं पटत नाही, आणि त्याला लोक सिग्निफिकंट म्हणतात.

किती लहान म्हणजे लहान? रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२५ च्या पुस्तकात विसात एक, म्हणजे ०.०५, ही हद्द सोयीची म्हणून घेतली आणि आज शंभर वर्षं झाली तरी लोक तिला देवघरात ठेवल्यासारखं वागवतात. पेपरात ०.०४९ आलं की पेढे, ०.०५१ आलं की सुतक.

त्या हिशेबाने पासिंग २६ला पुरलं असतं. पण थांबा, परीक्षेला एक माणूस नाहीये, २७ आहेत! २७ जणांनी नुसती नाणी उडवली तरी त्यातला निदान एक जण २६ गाठेल याची शक्यता जवळजवळ दोन तृतीयांश आहे. म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर पाटी, 'शास्त्रीय कसोटीत उत्तीर्ण'. २८ ठेवलं की तीच शक्यता वीस टक्क्यांवर येते. शून्यावर नाही येत, हे पण बघा. किती जणांनी प्रयत्न केला हे न सांगता फक्त जिंकलेला समोर आणला तर पी-व्हॅल्यूला कवडीची किंमत नाही, आणि माझा तो सोफ्याखालचा काटा म्हणजे हाच प्रकार, नकोसं उत्तर मोजायचंच नाही.

निकाल काय लागला? सगळ्यात पुढे जो होता त्याचे २४. म्हणजे माझ्या मुलीच्या वहीपेक्षा एक जास्त. २७ नाणेवाल्यांत साधारण तीन-चार जण २४ किंवा त्याच्या पुढे जायला हवे होते, इथे एकच. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका घेतल्या होत्या, त्यांचे १०२ बरोबर. नाणं हे दहात चार वेळा करून दाखवेल.

मग ज्योतिष खोटं हे सिद्ध झालं का? मान हलवू नका, नाही झालं. काकाचं म्हणणं मोडता आलं नाही, एवढंच. समजा एखाद्या ज्योतिषाला खरंच ७० टक्के कळतं, तरी तो या परीक्षेत दहातून चार वेळा नापास होणार, कारण २८ ही त्याची सरासरीच आहे, दिवस जरा वाईट गेला की २६, २७. पण ९० टक्के कळत असेल तर नापास व्हायची सोयच नाही. म्हणजे मोठे दावे या प्रयोगात टिकले नाहीत, बारीक दावे पकडायला ४० पत्रिका कमीच पडतात.

आणि उलटी चूक तर एमएस्सी झालेली मुलंपण करतात, पी-व्हॅल्यू ०.०४ म्हणजे काका चूक असायची शक्यता ९६ टक्के. अरे नाही! पी-व्हॅल्यू काकाचं खरं मानून काढलेली असते, काका खरा की चूक याची शक्यता ती नव्हे. पाऊस पडतोय तर ढग असणारच, पण ढग आहेत म्हणून पाऊस पडेल का, हे जुलैत बीडला जाऊन विचारा.

आता एक गंमत, जी मला फार आवडते. २७ जणांची सरासरी ४६ टक्के आली. नाण्यापेक्षा कमी! २७ गुणिले ४०, म्हणजे १०८० उत्तरं. १०८० वेळा नाणं उडवून पन्नास टक्क्यांपासून इतकं लांब, कुठल्याही बाजूला, शंभरात एखाद वेळेसच जाईल. म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०१ च्याही खाली, चक्क सिग्निफिकंट! मग काय, ज्योतिषी सांगेल त्याच्या उलटं करायचं?

पत्रिका किती होत्या? २००. उत्तरं १०८०. म्हणजे तीच पत्रिका पाच-पाच जणांच्या हातात गेली, आणि त्या पाचांनी ग्रह बघायचे नियम साधारण त्याच परंपरेतून शिकलेले, एक फसला की बाकीचे त्याच खड्ड्यात. ती १०८० सुटी नाणी नाहीतच, एकाला एक बांधलेली आहेत. माझ्या गणितात काका दोन गोष्टी म्हणत होता, एक तर नाणं आहे आणि दुसरं, प्रत्येक वेळी वेगळं उडवलंय, आणि पी-व्हॅल्यू लहान आल्यावर त्यातली कुठली पडली हे ती सांगत नाही.