एक कळपाचा, एक एकट्याचा

(दृश्य: बार्शी तालुक्यातलं माळरान. कापणीला आलेली ज्वारी. ओढ्याकाठची बाभळ.)

डिसेंबर २०२४. सोलापूर जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात एक वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरातून शेकडो किलोमीटर चालत आलेला, वयात आलेला नर. पुढे त्याचा वावर बार्शी तालुक्यात सुरू झाला. जनावरं मारल्याच्या बातम्या येऊ लागल्या. लांडगा, काळवीट आणि नान्नजचा माळढोक एवढीच रानाची ओळख असलेल्या आपल्या जिल्ह्यात पारावर वाघाच्या गप्पा रंगल्या. आणि वाघ निघाला की सिंह येतोच. दोघांची गाठ पडली तर कोण भारी?

रानात ही गाठ पडत नाही. एके काळी उत्तर आणि मध्य भारतात दोघंही होते, पण आज आपल्याकडचे रानटी सिंह फक्त सौराष्ट्रात, गीर आणि आसपासच्या भागात उरलेत. तिथं वाघ नाही. म्हणजे वाघ आणि सिंह एकमेकांशी कसे वागतात, हे माणसाला जे काही दिसलं, ते बहुतेक सगळं गजाआड. ही गोष्ट ऐकताना तेवढं लक्षात असू द्या.

(दृश्य: सिंहाचा कळप सावलीत आडवा पडलेला.)

सिंह हा घरंदाज प्राणी. माद्या एकमेकींच्या नात्यातल्या, बछडी सामायिक, शिकारही बऱ्याचदा मिळून. दोन सिंह भेटले की कपाळाला कपाळ घासतात, मग अंगाला अंग लावत पुढे सरकतात. दिवसातले वीस तासही ते लोळून काढतात, तेही एकमेकांच्या अंगावर पाय टाकून.

वाघाचं तसं नाही. टिपेश्वरचा वाघ एवढं अंतर तुडवत आला तो स्वतःपुरतं रान शोधायला. नर वयात आला की आईचं रान सोडतो, झाडांवर मूत्राचे फवारे मारून, खोडं ओरबाडून आपली हद्द आखतो. तो प्रेमळ नसतो असं मात्र समजू नका. ओळखीचा वाघ दिसला, किंवा पिंजऱ्याचं काम बघणारा रोजचा माणूस आला, की तो तोंड मिटून नाकावाटे हवा सोडतो. घोडा फुरफुरतो तसंच, पण हलकं आणि तुटक. ही त्याची रामरामी. सिंहाला हा आवाज काढताच येत नाही.

आता हे दोघं एका पिंजऱ्यात ठेवा. सिंह आपल्या रीतीने अंग घासायला पुढे जातो. वाघ बछडेपणापासून सोबत वाढलेला असेल तर तो ते चालवून घेतो, कधी स्वतःही घासतो. पण मोठेपणी समोर आलेला अनोळखी वाघ? त्याच्या दृष्टीने ही घुसखोरी असते. सगळा फरक इथं पडतो. जात कोणती, यापेक्षा लहानपण कुणासोबत गेलं, हे जास्त महत्त्वाचं.

(दृश्य: सर्कशीचं जुनं कृष्णधवल छायाचित्र. गोल पिंजरा, स्टुलांवर बसलेले वाघ-सिंह.)

हे सर्कशीतल्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत पोहोचले, ते एकाच पिंजऱ्यात वेगवेगळ्या जातींची मोठी मांजरं खेळवून. मराठी मुलखातल्या या माणसाचं नाव आज फार थोड्या मुलांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं. अशा खेळात प्रत्येक जनावराची बैठक ठरलेली असते. शेजार चुकला तर खेळ बिघडतो.

अमेरिकेतला क्लाइड बीटी हा रिंगमास्टर तर एका वेळी चाळीसच्या वर वाघ-सिंह पिंजऱ्यात घ्यायचा. त्याचा अनुभव असा, की भांडण पेटलं की एका सिंहामागे दुसरे सिंह धावून येतात, वाघाच्या मदतीला मात्र वाघ येत नाही. म्हणून तो सिंहांचं पारडं जड मानायचा. पण एकास एक म्हटलं तर हिशेब बदलतो. वाघ मागच्या पायांवर उभा राहून दोन्ही पंजे चालवतो, सिंह सहसा एक पंजा हाणतो, आणि मानेला आयाळीचं कवच असतं. २०११ साली तुर्कस्तानातल्या अंकारा प्राणिसंग्रहालयातून बातमी आली: कुंपणातल्या फटीतून वाघाने शेजारच्या सिंहाला गाठलं, मानेची नस तुटली आणि सिंह गेला. वाघाच्या बाजूने बोलणारे हा पुरावा पुढे करतात. मला त्यात दिसते ती फट. ती वेळेवर बुजवली असती तर दोघंही आपापल्या जागी जगले असते.

(दृश्य: अस्वल, सिंह आणि वाघ शेजारी शेजारी पहुडलेले.)

याच्या अगदी उलट गोष्ट अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली. २००१ मध्ये अटलांटात अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याच्या तळघरात पोलिसांना तीन पिल्लं सापडली: एक काळं अस्वल, एक सिंह, एक वाघ. नोआज आर्क नावाच्या आश्रयस्थानात त्यांना आणलं. अस्वलाच्या अंगात पट्टा रुतून मांसात गेला होता. त्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिघांना वेगळं करावं लागलं, तर मागे राहिलेले दोघं बेचैन झाले. त्यानंतर त्यांना एकत्रच ठेवलं गेलं. २०१६ मध्ये सिंह गेला, २०१८ मध्ये वाघ. तोवर तिघांनी एकमेकांना अंग टेकूनच झोप काढली. ही माया खोटी नव्हती. पण ती उगवली होती तळघरातल्या भीतीतून, आणि म्हणून असे व्हिडिओ पाहून मला आधी त्या पिल्लांच्या आया आठवतात.

आपल्याकडे ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद झाले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. सर्कशीतली जनावरं बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम अशा केंद्रांत गेली. त्यांतले बरेच सिंह आफ्रिकी आणि आशियाई रक्ताच्या मिसळीतले होते, म्हणून त्यांची पैदास होऊ दिली नाही.

मिसळ याहून पुढेही गेली आहे. सिंह आणि वाघीण यांचं पिल्लू म्हणजे लायगर, वाघ आणि सिंहीण यांचं टायगॉन. लायगर आईबापांहून अवाढव्य होतो. हर्क्युलिस नावाच्या लायगरचं वजन ४१८ किलो भरलं. कारण वाढीला जोर देणारी सिंहाची जनुकं उतरतात, आणि सिंहिणीकडून मिळणारा लगाम वाघिणीकडे नसतो. नर बहुधा वांझ, मादीला कधीकधी पिल्लं होतात. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात रुद्राणी नावाच्या टायगॉन मादीला सिंहापासून पिल्लं झाली. त्यातलं क्युबानाकान १९९१ पर्यंत जगलं. सिंहासारखी सोबत हवीशी वाटणारं आणि वाघासारखं पाण्यात उतरणारं असं जनावर कोणत्याच रानाचं नसतं. भारतात प्राणिसंग्रहालयांना असा संकर करायला आता परवानगी नाही, आणि ती कधी मिळूही नये असं मला मनापासून वाटतं.