२८ क्रमांकाच्या खोलीची फरशी

मंडळी, ‘व्हिला’ म्हटलं की आपल्याला बंगला आठवतो. रोमन व्हिला म्हणजे मात्र शेतीवाडीतला मोठा चौकाचा वाडा. इंग्लंडात ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड्सच्या डोंगरउतारावर चेडवर्थ नावाचं गाव आहे, तिथला असाच एक वाडा १८६४ साली जमिनीखालून वर आला. सशांच्या शिकारीसाठी पाळलेलं, मुंगसासारखं दिसणारं फेरेट बिळात हरवलं, ते शोधायला माती उकरली आणि हाताला रंगीत दगडांचे चौकोनी तुकडे लागले, असं सांगतात.

वाडा तिथेच का बांधला? झऱ्यासाठी. वायव्य कोपऱ्यात आजही त्या झऱ्याचं पाणी अष्टकोनी कुंडात पडतं. कुंडाच्या काठाच्या दगडांवर पुढे कुणीतरी ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं कोरली.

जेवणाच्या दालनाची फरशी मात्र निवांत बघावी अशी. तशाच रंगीत तुकड्यांनी तिच्यावर चित्रं रेखलेली, कोपऱ्यांत माणसांच्या रूपात चार ऋतू होते. शरद गेला, तिघे उरलेत. त्यातला हिवाळा माझा फार लाडका. डोक्यावरून टोपडं ओढलेला जाड झगा, एका हातात मारलेला ससा, दुसऱ्यात पानं झडलेली फांदी. ब्रिटनचे असे झगे रोमन साम्राज्यात नावाजलेले होते. इसवी सन ३०१ च्या, रोमन सम्राट डायोक्लेशनच्या दरपत्रकात त्यांची नोंद आहे. आणि या गारठलेल्या हिवाळ्याखालची जमीन उबदार असायची! फरशी ठेंगण्या खांबांवर उचललेली, बाहेर भट्टी, तिची गरम हवा खालून खेळायची आणि भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर चढायची.

पण आज मला बोलायचंय ते याच वाड्यातल्या २८ क्रमांकाच्या खोलीबद्दल. इसवी सन ४१० च्या सुमारास ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली. त्यानंतर शहरं ओस पडली, कारागीर पांगले, वाडे मोडकळीला आले, असंच आपण शिकत आलो. या खोलीच्या भिंतीच्या पायाच्या चरात कोळसा आणि हाडाचे तुकडे सापडले. त्यांच्यातल्या किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून, म्हणजे कार्बन-१४ पद्धतीनं, त्यांचं कालमापन केलं, त्याचा निष्कर्ष २०२० साली जाहीर झाला: भिंत ४२४ च्या आधीची असूच शकत नाही. आणि फरशी तर भिंत उभी राहिल्यावर, तिच्या मापानं घातलेली!

म्हणजे सत्ता गेल्यावरही इथे कुणीतरी नवी खोली काढली, खडे फोडून घेतले, कारागीर बोलावला. वर्तुळांची किनार आहे, एकाआड एक फूल आणि गाठ. हात जुन्या कारागिरांइतका सफाईदार नाही, नक्षीत चुका आहेत. मला त्या चुका मोलाच्या वाटतात. कसब उतरणीला लागलं होतं, तरी ते येणारा माणूस होता, आणि त्याला काम देणारं घरही होतं. ते घर कुणाचं, त्याचं नाव एकाही दगडावर नाही.