भोंग्याचे दोन सूर

नमस्कार श्रोतेहो.

३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगरच्या विमानतळांवर हल्ले केले आणि मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी आकाशवाणीवरून देशाशी बोलल्या. मी तेव्हा आठ वर्षांची, लालबागच्या चाळीत राहणारी. सकाळी आईनं मैद्याची खळ शिजवली आणि आम्ही खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवले.

लालबागच्या पोरांना भोंगा नवा नव्हता. गिरणीच्या भोंग्यावरच आमचा दिवस चालायचा. पण हवाई हल्ल्याचा हा भोंगा चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पोटात खड्डा पडायचा. खालून होमगार्ड ओरडायचा, "दुसरा मजला, लाइट घालवा!" कानात कापसाचे बोळे घालून आम्ही जिन्याखाली दाटीवाटीनं बसायचो. धोका टळला की तोच भोंगा एका सुरात लांबलचक वाजायचा, अगदी गिरणीसारखा. मग बायका उठून अर्धवट राहिलेल्या भाकऱ्यांकडे वळायच्या.

मुंबईवर बॉम्ब पडला नाही. भूजला पडले. तिथली धावपट्टी माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत दुरुस्त केली. भोंगा झाला की त्या झुडपांत लपायच्या, धोका टळला की परत कामाला. विमानतळाचे प्रमुख होते आपले विजय कर्णिक. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हापासून आमचा जिना आठवला की त्या बायकाही आठवतात.

बातम्यांना सगळा मजला आमच्या खोलीत जमायचा. रेडिओच्या काचेचा पिवळा उजेड बाहेर दिसू नये म्हणून बाबा त्यावर रुमाल टाकायचे. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपल्या नौदलाची 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ती बातमी आली तेव्हा शेजारच्या काकू त्या रुमालाकडे बघत उभ्या होत्या. त्यांचा मुलगा नौदलात होता. नुकतीच बदली झालेली, नव्या बोटीचं नाव कळवणारं पत्र आलेलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. आईनं त्यांचा हात धरून खाली बसवलं.

१६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. चाळीत पेढे वाटले, आम्ही पोरांनी खिडक्यांचे कागद टराटरा फाडले. काकूंनी त्यांच्या खिडकीला हात लावू दिला नाही.

कितीतरी दिवसांनी आंतर्देशीय पत्र आलं. काकूंनी ते न उघडता आईच्या हातात दिलं. "तू वाच." आईनं पहिली ओळ वाचली. काकू उठल्या, उलथनं घेतलं आणि काचेवरचा कागद खरवडू लागल्या.