सुई नको, तार घ्या

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मार्गदर्शन’ छापलंय, ते कृपया खोडा. पुढच्या शुक्रवारी मिडसॉमरला, म्हणजे स्वीडनमधल्या भर उन्हाळ्यातल्या सणाला, आपण सगळे कुरणावर भेटणार आहोत. त्या दिवशी डोक्यावर घालायचा फुलांचा मुकुट, म्हणजे इथला ‘क्रान्स’, कसा बांधायचा एवढंच मला सांगायचंय. दुकानातला प्लास्टिकचा घालून येणाऱ्यांना मी काही बोलणार नाही. बघेन मात्र नक्की.

मी कोकणातली. केळीच्या सोपटावर अबोलीची वेणी बांधायला आजीकडे शिकलेली. त्यामुळे स्वीडनमधल्या पहिल्या मिडसॉमरला भलताच आत्मविश्वास होता. सुईदोरा घेतला, डेझीची फुलं देठापासून खुडली आणि गजऱ्यासारखी ओवून टाकली. सणाच्या खांबाभोवतीचा, बेडकासारख्या उड्या मारायचा नाच सुरू व्हायच्या आत निम्म्या फुलांनी माना टाकल्या, आणि दोन उड्यांत उरलेलं सगळं गवतात. शेजारच्या आजींनी एकच प्रश्न विचारला, “देठ कुठे गेले?”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. क्रान्स ओवायचा नसतो, बांधायचा असतो. म्हणजे तो गजरा नव्हे, वेणी! मला येत होतं तेच मी विसरले होते.

आधी कडं. बर्च झाडाच्या दोन-तीन लवचिक काड्या पिळून डोक्याच्या मापापेक्षा बोटभर सैल करा, कारण फुलं बांधली की आतली जागा कमी होते. ओल्या फांद्या मात्र दिसेल त्या झाडाच्या मोडायच्या नाहीत. ‘अलेमान्सरेटन’ म्हणजे निसर्गात मोकळं फिरण्याचा सर्वांचा हक्क. त्यात रानफुलं तोडता येतात, जिवंत झाडाची फांदी नाही. तिला जमीनमालकाची परवानगी लागते. आपल्याला बागेतल्या बर्चच्या काड्या एका सभासदांनी देऊ केल्या आहेत, तेव्हा चिंता नको.

फुलं तळहाताएवढ्या देठासकट खुडा आणि दोन-तीन तास पाण्यात ठेवा. मग तीन-चार फुलांची छोटी जुडी कड्यावर आडवी ठेवून बारीक तारेचे वेढे द्या. दुर्वांची जुडी बांधणाऱ्यांना हे शिकवायला नकोच. पुढची जुडी अशी ठेवा की तिच्या फुलांखाली आधीचे देठ झाकले जातील. तार मध्येच तोडू नका, एकाच दिशेने फिरवत राहा. शेवटच्या जुडीचे देठ पहिल्या जुडीखाली सरकवले की काम झालं. आदल्या रात्री बांधलात तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा.

फुलं कोणती? पांढरी ‘प्रेस्तक्रागे’, म्हणजे डेझी, हवीच. नावाचा अर्थ पाद्रीबुवांची कॉलर, आणि दिसतंही तसंच. तांबडी क्लोव्हर, निळी कॉर्नफ्लॉवर, जांभळं ‘मिडसॉमरब्लोम्स्टर’ घ्या. रानातल्या ऑर्किडना हात लावू नका, या देशात सगळ्याच ऑर्किड संरक्षित आहेत. रस्त्याकडेचे ल्युपिन देखणे खरे, पण परके आणि भसाभसा पसरणारे. तोडलेत तर उरलेले कंपोस्टमध्ये टाकू नका. आणि मुलांना सांभाळा. पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांचं, माणसाहून उंच वाढणारं ‘येत्तेलूका’ दिसलं तर लांब राहा. त्याचा रस लागून ऊन पडलं की कातडी भाजते.

नाचाचा खांबही पानाफुलांनीच मढवतात. त्याला ‘मायस्तोंग’ म्हणतात. त्याचा मे महिन्याशी संबंध नाही. ‘माया’ म्हणजे हिरव्या पानांनी सजवणं. आपल्या मायेशीही काही नातं नाही, पण माझ्या मनात ते जुळलंय, जुळू द्या.

हा सण पूर्वी 24 जूनला ठरलेला असे. 1953 पासून मिडसॉमरची पूर्वसंध्या 19 ते 25 जूनमधल्या शुक्रवारी येते. 2024 साली ती 21 जूनला आली, आणि त्याच दिवशी वटपौर्णिमा! तिकडे आई वडाला सूत गुंडाळत होती आणि इथे मी बर्चच्या कड्याला तार. व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, “कितवा फेरा?” म्हटलं, मोजत नाहीये.

नवऱ्यावरून आठवलं. इथे मिडसॉमरच्या रात्री मुली सात प्रकारची फुलं न बोलता गोळा करतात आणि उशीखाली ठेवतात. स्वप्नात होणारा नवरा दिसतो म्हणे. आपल्याकडे सातही जन्मांचा आधीच ठरलेला, इथे निदान आधी बघायला मिळतो! (हशा) अट एकच, गप्प राहायचं. आपल्या मंडळात ते कुणाला जमेल, मला शंका आहे.

तर शुक्रवारी सकाळी दहाला या. तारेची रिळं मी आणते. कात्री आपापली आणा, आणि फुलं ठेवायला एक बादली. माझ्याकडची गेल्या वर्षी कुणीतरी नेलीय, तीही परत आणा.