आजारी न पडणारा उंदीर

(दादरच्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘गणपतीच्या वाहनाचे डॉक्टर’ म्हटलं. एकतीस वर्षं मी उंदरांबरोबर काढली, त्यातली तीस हा विनोद ऐकतोय. पहिल्या वर्षी कुणाला सुचला नव्हता. असो.

सुरुवातीला मराठीबद्दल एक तक्रार. आपण घूस वेगळी ओळखतो, चिचुंद्री वेगळी ओळखतो (ती तर उंदरांच्या जातीचीही नाही), पण माउसलाही उंदीर आणि रॅटलाही उंदीर! लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाईंचा समज झाला, की जावई महापालिकेत रात्रपाळीला उंदीर मारतो. त्या कामाला मी मुळीच कमी लेखत नाही. रात्रीत तीस मारायचे आणि सकाळी मोजून दाखवायचे, ही चेष्टा नाही. आमच्या प्रयोगशाळेत नेमकं उलटं, तीस उंदीर जगवायला तीन माणसं लागतात. आमचा उंदीर म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याखालून पळतो तो नव्हे. काळा कुळकुळीत, पंचवीस-तीस ग्रॅमचा, मुठीत मावणारा. सी५७ ब्लॅक ६ असं त्याचं वाण. १९२१ पासून भावाबहिणींच्या जोड्या लावत लावत हे वाण इतकं शुद्ध केलंय, की यातले कोणतेही दोन उंदीर जवळजवळ जुळे. म्हणूनच एकाच्या जनुकात फरक केला, की पुढे दिसणारा फरक त्या जनुकामुळेच, असं जरा छातीठोकपणे म्हणता येतं.

जनुक बंद करतात कसं, हे दोन वाक्यांत. उंदराच्या भ्रूणातल्या मूळपेशी बशीत वाढवायच्या, त्यांतलं हवं ते जनुक मोडायचं, आणि त्या पेशी दुसऱ्या रंगाच्या उंदराच्या भ्रूणात सोडायच्या. जन्मतं ते पिल्लू चट्ट्यापट्ट्यांचं, कुठे तपकिरी तर कुठे काळं, एखाद्या गल्लीतल्या मांजरासारखं. त्याच्या पुढच्या पिढ्यांत मिळतो ‘नॉकआउट’, म्हणजे ते जनुक पुरतं बंद असलेला उंदीर. या युक्तीसाठी २००७ चं नोबेल कापेकी, एव्हान्स आणि स्मिथीज या तिघांना मिळालं. कापेकींना तर निधी देणाऱ्यांनी आधी सांगितलं होतं, की हे जमायचं नाही, नाद सोडा. त्यांनी सोडला नाही.

आता आमची गोष्ट. आमच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये माणसात बिघडलं की आजार होतो, अशा एका जनुकावर काम चाललं होतं. कुठलं ते सांगत बसलो तर रात्र होईल. वाहक नर, वाहक मादी, म्हणजे दोघांतही त्या जनुकाची एक प्रत मोडकी, एक धड. चार पिल्लांत सरासरी एक हवं तसं निघणार. मादी एकोणीस-वीस दिवसांत विते, सहा-आठ पिल्लं देते. म्हणजे हिशेब सोपा. आणि नेमकी तेव्हाच शेजारची इमारत पुनर्विकासाला गेली.

मुंबईत ज्यांच्या शेजारी पायलिंग झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. फरक इतकाच, की तुम्ही खिडक्या लावून टीव्हीचा आवाज वाढवता आणि उंदराची मादी पिल्लं खाते. खरंच खाते. आवाज, हादरे, सततची धास्ती; तिच्या दृष्टीने ही जागा पोरं वाढवायची नाही. सकाळी पिंजरा उघडावा तर घरटं तसंच छान विणलेलं, आत काही नाही. एकदा भुशात करंगळीच्या पेराएवढं काहीतरी गुलाबी दिसलं. ते अर्धंच होतं.

आम्ही पत्र लिहिलं. साइटवरचा सुपरवायझर स्वतः आला, भला माणूस. सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, “साहेब, आमच्याच साइटवर उंदीर मारायला महिन्याचं कंत्राट दिलंय, आणि तुम्ही म्हणताय उंदरांसाठी मशीन थांबवा?” यावर काय बोलणार? मी नोबेलबिबेल सांगितलं. तो म्हणाला, “सोसायटीचे अध्यक्ष रोज विचारतात ताबा कधी, त्यांना हेच सांगू का?”

तोडगा काढला आमच्या मामांनी. मामा म्हणजे अटेंडंट. शिक्षण नववी, पण कोणती मादी कधी विणार हे पोटाकडे बघून सांगत. त्यांनी गाभण माद्यांचे पिंजरे मागच्या कोठीत हलवले, मांडणीच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे सरकवले, आणि आम्हा सगळ्यांना, मलासुद्धा, चार दिवस आत यायला बंदी केली. “तुम्हीच जास्त हलवता तिला, सर.” सात बाळंतपणांपैकी दोन टिकली. तेरा पिल्लं. कानाचा कण काढून तपासणी केली, त्यांत हवं तसं एकच. आणि ते एक, मंडळी, ठणठणीत! जनुक नाही, तरी आजार नाही. चाकावर पळतंय. पुढे आणखी अकरा मिळाली, तीही तशीच. चार वर्षं गेली त्यात. मी डोक्याला हात लावला, तर मामा म्हणाले, “मग याला काय मिळालंय जे आपल्याला नाही, ते बघा ना.”

(चिठ्ठी आलीय. साडेसातला नाटकाच्या तालमीला हॉल द्यायचाय. म्हणजे दहा मिनिटं, आणि विषयाला मी अजून हातही घातलेला नाही.)

तर मामांचं तेच वाक्य आजचा विषय. पटकन सांगतो. युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणून कोळंबी बंद केलेले किती जण? हात वर करा. बरेच आहेत, लाजू नका, दोष माशांचा थोडा, पूर्वजांचा जास्त. १९८७ मध्ये एचपीआरटी हे जनुक नसलेले उंदीर तयार झाले. माणसात हे जनुक बिघडलं तर लेश-नायहान हा भयंकर आजार होतो. लहान मुलांत युरिक अ‍ॅसिड साचतं, मुलं स्वतःचे ओठ आणि बोटं चावतात. उंदरांना? काही नाही. मोठाच हिरमोड झाला. एक कारण युरिकेज. उंदराकडे युरिक अ‍ॅसिड फोडणारं हे विकर, म्हणजे एन्झाइम आहे. आपल्याकडे त्याचं जनुक आहे, पण मोडकं. माकडांपासून माणसापर्यंतच्या वाटेत कधीतरी ते बंद पडलं. पुढे १९९४ मध्ये उंदराचंही युरिकेज काढून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त पिल्लं चार आठवड्यांच्या आत गेली, मूत्रपिंडात युरिक अ‍ॅसिड साचून. मुलं स्वतःला चावतात आणि उंदीर का नाही, हे मेंदूचं कोडं मात्र एवढ्याने सुटत नाही, हे कबूल. पण आज काही कॅन्सर रुग्णांना उपचारात युरिक अ‍ॅसिड एकदम चढलं तर हेच विकर, बुरशीच्या जनुकापासून बनवलेलं, शिरेतून देतात.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात पेशींतून क्लोराइड नीट बाहेर पडत नाही आणि माणसाची फुप्फुसं चिकट कफाने तुंबतात. १९९२ चा त्या आजाराचा उंदीर आतडं तुंबून मेला, पण फुप्फुसं बरीचशी धड. त्याच्या श्वासनलिकेत क्लोराइड बाहेर जायला दुसरी वाट आहे. कोविडचा मूळ विषाणू साध्या उंदराला धरेना, कारण विषाणू पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटून आत शिरतो, तो एसीई२ उंदरात वेगळा. २००७ मध्ये सार्ससाठी, म्हणजे कोविडच्या आधीच्या भाऊबंद आजारासाठी, माणसाचा एसीई२ घातलेले उंदीर बनवले होते. त्यांचं गोठवून ठेवलेलं वीर्य २०२० मध्ये बाहेर काढून पुन्हा पैदास करावी लागली. म्हणून वर्तमानपत्रात ‘उंदरावर यशस्वी’ दिसलं, की मी आधी शोधतो, कुठल्या उंदराला काय झालं नाही. ते सहसा छापलेलं नसतं. फसलेला उंदीर छापायला कुणी तयार नसतं, आमचाही तीन वेळा परत आला.

अल्झायमर राहिला, कॅन्सरच्या पेटंटवाल्या उंदराची हार्वर्डची भानगड राहिली. प्रश्न बाहेर चहाच्या टेबलाशी घेऊ, तालमीची मंडळी दारात उभी आहेत.