बुधवारचा खिमा आणि वरचा बटाटा

(दृश्य: राजेंद्र नगरमधल्या एका फ्लॅटचं स्वयंपाकघर. घड्याळात पावणेसात. ओट्यावर कुकर, कढई आणि पुरणयंत्र.)

मराठी घरात अधल्यामधल्या वारी रात्री मटण करायचं म्हटलं की आधी कॅलेंडर बघावं लागतं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, कुणाकडे यातले दोनच पाळतात तर कुणाकडे चारही, आणि मध्येच चतुर्थी नाहीतर एकादशी आली की संपलंच. उरले बुधवार आणि शुक्रवार. रविवार यात धरायचा नाही, रविवारी वेळ असतो, रविवारचा रस्सा हे प्रकरणच वेगळं. तर इंदूरच्या या घरात आज बुधवार आहे, वहिनी आत्ताच ऑफिसातून आल्यात, येताना चौकातून अर्धा किलो खिमा घेऊन आल्यात, आणि तास-सव्वा तासात टेबलावर काहीतरी गरम यायला हवंय. ज्यात पोळ्या लाटायच्या नाहीत, ही त्यांची एकमेव अट.

त्यावर उत्तर म्हणजे खाली शिजलेला खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर, आणि वरून खरपूस होईपर्यंत ओव्हन. बाहेर याला शेफर्ड्स पाय म्हणतात, कॉटेज पाय म्हणतात, अमेरिकेत सरळ कॅसरोल, म्हणजे एकाच भांड्यात थर लावून भाजलेलं जेवण, म्हणून मोकळे होतात. कॉटेज पाय हे नाव 1791 पासून सापडतं, शेफर्ड्स पाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या एका स्कॉटिश पाककृतीच्या पुस्तकात. आता तिकडे शिस्त अशी की मेंढीचं मटण असेल तर शेफर्ड आणि बीफ असेल तर कॉटेज, पण जुन्या काळी कुणी एवढं मनावर घेत नव्हतं, आदल्या दिवशीचं भाजलेलं मांस उरलंय ना, मग बारीक करा, वर बटाटा थापा, झालं. म्हणजे मुळात हे उरलंसुरलं खपवायचं जेवण. फ्रेंच लोकांनी त्यालाही ऐटदार नाव दिलं, हाशी पार्मांतिए. हे पार्मांतिए म्हणजे फ्रेंच सैन्यातले औषधनिर्माते, सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत सापडले, तिथे बटाटे खाऊन राहिले आणि सुटून आल्यावर आयुष्यभर बटाट्याची बाजू मांडत फिरले, कारण तेव्हा फ्रान्समध्ये बटाट्याने रोग होतात असं लोक खुशाल मानायचे. 1772 मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने बटाटा खाण्यालायक आहे असं जाहीर केलं तेव्हा कुठे गाडी पुढे गेली.

अमेरिकेत याचं झटपट जेवण झालं ते डब्यांमुळे. 1934 साली कॅम्पबेलचं डब्यातलं मशरूम सूप आलं, 1950 च्या दशकात बटाट्याचे वाळवलेले फ्लेक्स आले, पाणी घातलं की मॅश तयार. मग काय, खिमा परता, त्यावर सूप ओता, फ्रोझन मटार घाला, वर फ्लेक्सचा मॅश आणि चीज, ओव्हनमध्ये ढकला. चूक काही नाही त्यात, पण खरं सांगायचं तर त्याची चव डब्याची लागते. आणि आपल्याकडे डब्याची गरजच काय, आपल्याकडे कुकर आहे. पदार्थ दिसायला ओव्हनचा आहे पण त्याचा सगळा जीव कुकर आणि कढईत आहे, ओव्हनचं काम फक्त वरचा रंग. हे एकदा लक्षात आलं की बुधवारी घाम फुटत नाही.

(दृश्य: चोइथराम मंडी, सकाळ. बटाट्याच्या पोत्यांच्या थप्प्या.)

आता बटाटा. यावर जरा थांबूया, कारण माळव्यात बसून बटाट्यावर घाईघाईने बोलणं बरोबर नाही. इंदूर, देवास, उज्जैन हा सगळा पट्टा बटाट्याचा, दिवाळीच्या आसपास लागवड आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. चिप्सच्या कंपन्या इथला माल उचलतात याला कारण आहे. इथल्या बटाट्यात पाणी कमी, साखर कमी, तळला तरी काळा पडत नाही. मंडीत व्यापारी नावानेच बोलतो, ज्योती, चिप्सोना, पुखराज, एलआर (म्हणजे लेडी रोझेटा). कुफरी ज्योती 1968 ची जात, कुफरी चिप्सोना 1998 ची, दोन्ही केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या, आणि कुफरी हे शिमल्याजवळचं गाव, म्हणून संस्थेच्या जातींच्या नावाला ते आडनावासारखं लागतं. मॅशसाठी चिप्सोना किंवा ज्योती घ्या. पुखराज स्वस्त असतो, दिसायला छान पिवळसर, पण पाणीदार, रस्सा भाजीला चालतो, मॅश मात्र ओलसर होतो आणि खिम्यावर पसरून बसतो.

भाजीवाल्याला जात सांगता येत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. एक वाटी मीठ, अकरा वाट्या पाणी, नीट विरघळवा आणि बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, मॅशला उत्तम. तरंगला तर पाणीदार, त्याची भाजी करा. दरवेळी एवढं मीठ वाया घालवायची गरज नाही हो, नवीन पोतं आणलं की एकदा करून बघायचं.

आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, मग मॅश उगाच गोडसर लागतो. टोपलीत, अंधारात, कांद्यापासून लांब.

(कुकरची पहिली शिट्टी.)

पाऊण किलो बटाटे, सालासकट, मध्यम असतील तर पाच-सहा, तीन शिट्ट्या. सालं काढून फोडी करून उकडले की पाणी पितात. कुकर उघडला की लगेच सोलायचे, हात भाजतो, इलाज नाही, फडक्यात धरून सोला. इंदूरमध्ये सालं कुठे जातात हे सांगायला नकोच, ओल्या कचऱ्याची बादली वेगळी, सकाळी गाडी येते, आणि 2022 पासून हा ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटमध्ये जातो आणि त्याचा गॅस होतो. त्यामुळे आमच्या इथे बटाटे सोलताना उगाच जबाबदार नागरिक झाल्यासारखं वाटतं.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. गरम बटाटा मिक्सरमध्ये कधीही घालू नका. पात्याने बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि अर्ध्या मिनिटात डिंक तयार. फिरंगी स्वयंपाकघरात यासाठी रायसर नावाचं यंत्र विकत घेतात. आपल्याकडे ते आधीच आहे, होळीला निघतं आणि मग वर्षभर माळ्यावर पडून असतं. पुरणयंत्र! बारीक जाळी लावा, गरम बटाटे टाका, फिरवा, खाली मऊ, मोकळे, एकसारखे दोरे पडतात, एक गुठळी नाही. यंत्र नसेल तर पुरणाची चाळणी आणि वाटीचा बूड, थोडा वेळ जास्त लागेल एवढंच. मग आधी लोणी, चाळीस ग्रॅमपर्यंत, ते मुरलं की गरम दूध अर्धी वाटी, थोडं थोडं. दूध थंड नको आणि सगळं एकदम नको. मीठ, पांढरी मिरी, आणि जायफळ नखभर. मॅश वड्याच्या सारणापेक्षा सैल पण चमच्यावरून न ओघळणारा हवा.

(दृश्य: कढई. खिमा पडल्याचा चर्र आवाज.)

कुकर चालू असतानाच बाजूला कढई तापत ठेवलेली असते, दोन्ही कामं एकत्र झाली नाहीत तर सव्वा तासाचा दीड तास होतो. खिम्याचं म्हणाल तर दुकानात तोंड उघडून मागावं लागतं, "भिया, रान का देना, हाथ का कुटा हुआ, चरबी थोड़ी." रान म्हणजे मांडी. मशीनचा खिमा फार बारीक, त्याचा लगदा होतो. हाताने कुटलेला थोडा रवाळ राहतो, दाताखाली कळतो. आपल्याकडे हा बोकडाचाच.

कढई चांगली तापली की तेल, खिमा, आणि मग हात आवरायचा. आपल्याला सवय असते सारखं ढवळायची. दोन मिनिटं नुसता राहू दे त्याला. आधी पाणी सुटतं, खिमा त्यात उकडल्यासारखा राखाडी दिसतो आणि वाटतं बिघडलं, नाही बिघडलं, पाणी आटू दे, मग तेल सुटेल, बुडाला तपकिरी रंग धरेल आणि तोच खरा स्वाद. मग दोन कांदे, लसूण, गाजर बारीक चिरून, तेजपत्ता. एक चमचा मैदा किंवा कणीक भुरभुरवून परता, म्हणजे रस धरून राहील. एक मोठा चमचा टोमॅटो प्युरी, दीड वाटी पाणी, झाकण, पंधरा-वीस मिनिटं, मटार शेवटी. कुटलेला खिमा जाडसर असेल तर सरळ दुसऱ्या कुकरात दोन शिट्ट्या काढा. खिमा कढईतच पूर्ण शिजायला हवा, कच्चा ठेवून ओव्हनवर भरवसा टाकायचा नाही, कुटलेल्या मांसात बाहेरचे जंतू आत मिसळलेले असतात, त्यामुळे सगळीकडे 71 डिग्रीच्या वर तापायला हवं.

विलायती कृतीत इथे वूस्टरशर सॉस घालतात. 1837 पासून बाटलीत मिळतो, व्हिनेगर, खारवलेले मासे, काकवी, आणि आपली चिंच! बाटली नसेल तर चमचाभर चिंचेचा कोळ, किंचित गूळ, दोन थेंब व्हिनेगर, काम होतं. गरम मसाल्याचं मात्र माझं स्पष्ट मत आहे, घालू नका. घातला तर वाईट नाही लागत, पण मग तो नेहमीचा खिमा होतो आणि वरचा बटाटा पाहुण्यासारखा अवघडून बसतो. काळी मिरी भरपूर घाला, ती पुरते. कढईत चमच्याने रेघ ओढा, रेघ तशीच राहिली तर रस घट्ट झाला. लगेच मिटली तर अजून आटवा, नाहीतर ओव्हनमध्ये रस कडेने उकळून वर येतो आणि बटाटा खाली बुडतो.

(दृश्य: काचेचं भांडं. खाली खिमा, वर मॅश.)

छप्पनवर, म्हणजे इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत, मिळणारं खोपरा पॅटिस खाल्लं असेल तर ही जोडी नवी वाटणार नाही, तिथे बटाट्याच्या पोटात खोबरं, इथे बटाट्याखाली खिमा. खिमा पाच मिनिटं निवू द्या मगच मॅश लावा, आधी कडेने, मग मधे, म्हणजे कडा बंद होतात. थर इंचभर. वर काट्याने रेघा, त्या शोभेच्या नाहीत, उंचवटे आधी खरपूस होतात म्हणून. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) 200 डिग्रीवर आधीच तापलेला, वरचा रॉड चालू, पंधरा-वीस मिनिटं. ओटीजी नसेल तर जाड लोखंडी तव्यावर लोणी सोडून मॅशचेच थापटे खरपूस करा आणि वाढताना खिम्यावर ठेवा. दिसायला कॅसरोल नाही, चवीला तेच.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही, तेवढ्यात काकडी-कांदा चिरून होतो. वरून चिमूटभर जिरावण, इंदुरी पोह्यांवर भुरभुरवतात तो मसाला. इंग्लंडमधल्या कुणाला सांगू नका, पण लोण्यातल्या बटाट्यावर जिरावण फार सुरेख लागतं. उरवायचं मात्र नाही, उद्या गुरुवार.

आणि या घरात आजी खात नाहीत. "माझं काय गं?" असं त्या विचारायच्या आधीच वहिनींनी सकाळच्या अख्ख्या मसुराची उसळ बाजूला काढून ठेवलीय. आजींची छोटी वाटी आधी भरायची, खिम्याचा चमचा मॅशला लागायच्या आत. तिच्यावर काट्याच्या रेघा आडव्या-उभ्या चौकटीच्या, बाकीच्या भांड्यावर सरळ, म्हणजे ओव्हनमधून काढताना गोंधळ नको. आणि ती वाटी वरच्या जाळीवर, मोठं भांडं खाली.