‘असला’ म्हणणारा कोण?

नमस्कार श्रोतेहो. आज आठ ओळींची एकच कविता घेऊ या. बालकवींची ‘औदुंबर’. शाळेत असल्यापासून तुमच्यापैकी कित्येकांना पाठ असेल.

आपल्या पुण्यात, पेठांतल्या जुन्या वाड्यांत, औदुंबर म्हटला की पार आला, पादुका आल्या, गुरुवारची आरती आली. त्यामुळे डोहात पाय सोडून बसलेला हा औदुंबरही आपल्याला विरक्त योगी वाटू लागतो. दुसरा अर्थ मरणाचा. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ बालकवी रेल्वेखाली गेले. अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं. मग काळा डोह म्हणजे मृत्यू, असं आपण सांगून मोकळे होतो. मला ते पटत नाही. कवीचं पुढे काय झालं हे आपल्याला ठाऊक आहे; कवितेत जो बोलतोय त्याला ते कुठून ठाऊक असणार?

तो कोण, हे विचारायला हवं. कवितेत ‘मी’ कुठेच नाही. पण चार घरांचं गाव ‘पैल टेकडीकडे’ आहे. परवा ओंकारेश्वरापाशी मुठेच्या काठावर उभा होतो, तेव्हा हा शब्द मला नीट कळला. पैल म्हणायचं तर ऐल काठावर आपले पाय टेकलेले हवेत. तर हा माणूस अलीकडे उभा आहे. त्याची नजर निळ्यासावळ्या झऱ्यावरून हिरव्या मळ्यांत जाते, तिथून पांढऱ्या, अडव्यातिडव्या पायवाटेनं काळ्या डोहाशी येते. आणि तिथला काळिमा त्याला ‘गोड’ वाटतो! नुसतं मरणाचं भय असतं, तर हा शब्द आला असता का?

शेवटची ओळ हळू म्हणून पाहा: ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. यातला ‘असला’ कुणी भरीचा मानतात. माझा जीव त्याच शब्दात अडकलाय. रोजच्या बोलण्यात आपण ‘असला’ म्हणतो तेव्हा हात नकळत उचलला जातो, काहीतरी दाखवतो. इतका वेळ गप्प राहून चित्र रेखणारा हा माणूस इथं पहिल्यांदा बोट दाखवतो. साऱ्या कवितेत एकही माणूस दिसत नाही, पायवाट तेवढी कुणाच्या तरी पायांनी मळलेली आहे. पण ‘असला’ हे कुणी स्वतःशी म्हणत नाही. ते शेजारच्याला दाखवताना म्हणतात.

त्या काठावर त्याच्या शेजारी, श्रोतेहो, तुम्ही उभे आहात.